खान्देशात पिकासो ट्रिगर पाळायचाय? मग आधी एक उन्हाळा टँक बिनमाशाचा चालवा

आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडं खाऱ्या पाण्याचा टँक म्हटला की पहिला प्रश्न हाच येतो, भाऊ इथं जमंल का, मे महिन्यात पंख्याची हवा सुद्धा भट्टीसारखी लागते तिथं समुद्राचा मासा कसा जगंल. जमतं. माझ्याकडं पिकासो ट्रिगर आहे, ट्रिगरफिश घराण्यातला रंगीत समुद्री मासा, आणि मस्त आहे. पण जमायचं असेल तर क्रम उलटा धरावा लागतो, आधी मासा आवडला मग टँक असं नाही, आधी टँक, मग त्या टँकचा एक पूर्ण उन्हाळा माशाशिवाय, आणि मग दिवाळीनंतर मासा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा पहिला ट्रिगर, निळा, नायगर जातीचा होता तो, मार्चमध्ये आणला, टँक जेमतेम महिन्याभराचा, आणि मेच्या शेवटी ते केळी झोपवणारं वादळ येतं ना आपल्याकडं, तसं आलं, तारा तुटल्या, रात्रभर लाइट नाही. सकाळी पाणी ३३ अंशावर होतं आणि मासा वर तरंगत होता. दुकानदारानं मला सांगितलं होतं की ट्रिगर लई कणखर, काही होत नाही त्याला. कणखर आहेच तो, पण गरम पाण्यात ऑक्सिजनच कमी राहतो, त्याला कणखरपणा काय करणार.

म्हणून आधी मासा कोणता ते ठरवू. ट्रिगरफिशच्या जगात ४० च्या आसपास जाती आहेत आणि दुकानात छोटी पिल्लं सगळीच गोड दिसतात. टायटन ट्रिगर ७५ सेंमीपर्यंत जातो, तो घरात आणायचा विचारच करू नका, घरट्यावर असला की पाणबुड्यांना सुद्धा चावून पळवतो. क्लाउन ट्रिगर दिसायला राजा, पण ५० सेंमी होतो आणि मोठा झाला की टँकमधलं सगळं त्याचंच. नारिंगी पट्ट्यांचा अनड्युलेटेड छोटा असतो पण सगळ्यात भांडखोर. नायगर स्वभावानं बरा, पण त्याला मोकळं पोहायला लांबच लांब जागा लागते, समुद्रात तो थव्यानं वर येऊन प्रवाहातलं बारीक खाद्य टिपणारा मासा आहे आणि तोही ५० सेंमीपर्यंत वाढतो. राहिला पिकासो. शास्त्रीय नाव ऱ्हायनेकॅन्थस ॲक्युलिएटस, लिनियसनं १७५८ मध्येच याला नाव देऊन ठेवलंय. जास्तीत जास्त ३० सेंमी, टँकमध्ये बहुतेक त्याच्या आतच राहतो, आणि मुख्य म्हणजे हा उथळ पाण्यातला मासा आहे, चार-पाच मीटरच्या आतला, लक्षद्वीपच्या लगूनसारख्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यासारख्या जागी पांढरी वाळू, तुटकी खडकं, वरून ऊन, अशा ठिकाणी राहणारा. घरच्या टँकमध्ये हे वातावरण बऱ्यापैकी उभं करता येतं, खोल समुद्र उभा करता येत नाही.

आणि दिसतो कसा ते एकदा नीट बघा. पोट पांढरं, पाठ वाळूच्या रंगाची, डोळ्यावरून निळ्या-काळ्या रेघा खाली उतरलेल्या, तोंडापासून मागं गेलेला पिवळा पट्टा, आणि मागच्या अंगावर तिरप्या पांढऱ्या रेघा कुणी ब्रशनं ओढाव्या तशा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला बारीक काळ्या काट्यांच्या तीन ओळी. डोळे डोक्याच्या पार वर आणि दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, एक तुमच्याकडं एक दगडाकडं. माझी आजी पहिल्यांदा टँकसमोर बसली तेव्हा अर्धा तास हललीच नाही, मग म्हणे, "हाऊ मासा शे का रांगोळी शे रे? आन डोया कसा फिरावस बघ!" तेव्हापासून रोज संध्याकाळी तिची खुर्ची तिथंच.

आता टँक. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, याच्यापेक्षा लहान नको. पिल्लू तीन इंचाचं आहे म्हणून तीन फुटी टँक घेऊ मग पुढं मोठा करू, असं म्हणणारा पुढं कधी मोठा करत नाही आणि मासा बिचारा वळायला जागा नाही म्हणून काचेला तोंड घासत बसतो. या मापाचं पाणी साधारण ५६० लिटर भरतं, काच १२ मिमीची घ्या, वरून पट्ट्या मारून घ्या. काच एकटीच शंभर किलोच्या पुढं जाते, पाणी, वाळू, दगड धरून ७०० किलोच्या आसपास वजन एका जागी येतं. आपल्याकडं अजून बऱ्याच घरांना वरचा मजला म्हणजे जुना धाबा असतो, त्याच्यावर हा टँक ठेवायचा नाही म्हणजे नाहीच. तळमजला, पक्की फरशी, लोखंडी अँगलचा स्टँड, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, कारण ती भिंत दुपारची तापते आणि रात्री अकरापर्यंत गरम राहते. हात लावून बघा एकदा.

पाण्याचं बोलायचं तर आपलं बोअरचं पाणी टँकला चालत नाही. क्षार भरपूर, शेताजवळची बोअर असली तर खताचं नायट्रेटही उतरलेलं असतं. नळाचं पाणी घ्याल तर त्यात ब्लीचिंग पावडर. म्हणून आरओचंच पाणी घ्यायचं, आणि घरी प्यायचा आरओ असेल तर त्याचा टीडीएस कंट्रोलर बघा, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळत असतो, ते बंद करून घ्या किंवा टँकसाठी वेगळा फिल्टर लावा ज्याच्या शेवटी डीआयचं, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणारं, नळकांडं असतं. टीडीएस मीटर शून्याच्या जवळपास दाखवायला पाहिजे. जे पाणी वाया जातं ते टाकीत साठवून फरशी पुसायला वापरा, आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही तेव्हा तेवढी लाज ठेवायलाच पाहिजे.

मीठ म्हणजे ॲक्वेरियमचंच समुद्री मीठ, खडेमीठ नाही. खडेमिठात नुसता खारटपणा आहे, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. लिटरमागं ३५ ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे पहिल्या भरणीला १९-२० किलो लागतं. ड्रममध्ये पाणी आधी, मीठ नंतर, पंप टाकून एक दिवस फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रानं मोजा, घनता १.०२३ ते १.०२५ मध्ये ठेवा. वाळू तापी-गिरणेची आणू नका. आपली नदीची वाळू काळ्या दगडाची, ती पाण्याचा पीएच धरून ठेवायला काही मदत करत नाही, ॲरागोनाइटची पांढरी वाळू घ्या, दोन इंच थर. पीएच ८.१ ते ८.४ पाहिजे.

दगडाबद्दल थोडं जोरात सांगतो. कोणी तुम्हाला जिवंत प्रवाळ, लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला जीवांसकट प्रवाळाचा दगड, समुद्री घोडा असलं काही लपूनछपून देतो म्हणाला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली प्रवाळ आणि समुद्री घोडा दोघांनाही संरक्षण आहे, ते बाळगणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या लगूनमधून हा मासा येतो तिथलंच घर फोडून आपल्या काचेत लावायचं, हे मनाला पटतं का? सिरॅमिकचे, सिमेंट-चुन्याचे तयार केलेले दगड मिळतात, बॅक्टेरिया त्याच्यातही बसतात. दगड थेट काचेवर टेकवून मग भोवती वाळू घाला, वाळूवर दगड ठेवायचे नाहीत, कारण ट्रिगर तोंडानं पाण्याची पिचकारी मारून वाळू उकरतो आणि सगळा ढीग कोसळतो. समुद्रात याच पिचकारीनं ट्रिगर काटेरी समुद्री अर्चिन उलटे पाडतात आणि खालून मऊ बाजूनं खातात, ती सवय टँकमध्ये कुठं जाणार. अर्धा टँक मोकळा ठेवा, अर्ध्यात निदान दोन गुहा, माशाच्या उंचीपेक्षा थोड्याच मोठ्या.

खाली संप, म्हणजे गाळणीची जोडटाकी, त्याच्यात प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र, हे पाहिजेच, ट्रिगर खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. मग सायकलिंग, म्हणजे टँकमध्ये चांगले बॅक्टेरिया बसवणं. चिमूटभर माशाचं खाद्य किंवा अमोनियाचे थेंब टाकत राहायचं, बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, चार ते सहा आठवडे जातात. टेस्ट किटवर अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत कोणताच जीव आत टाकायचा नाही.

आता खरी गोष्ट. टँक फेब्रुवारीत भरा. मार्चच्या शेवटी सायकल पूर्ण होईल, मन लई होईल मासा आणायचं, आणू नका. एक वही घ्या आणि एप्रिल-मे रोज दुपारी चारला आणि रात्री दहाला पाण्याचं तापमान लिहा, बाजूला लिहा लाइट किती तास गेली आणि पाणी किती बोटं उतरलं. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात चारचे आकडे ३०, ३१, ३१.५ असे आहेत, बाहेर ४३-४४ असताना. ट्रिगरला २४ ते २७ पाहिजे, मी २८ ची रेघ लाल पेनानं ओढून ठेवली होती आणि त्या रेघेच्या खाली कसं यायचं हेच मे महिनाभर शिकलो. झाकण काढून जाळी लावली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आडवे छोटे पंखे लावले तर दोन-अडीच अंश उतरले, आपली हवा कोरडी आहे म्हणून हे आपल्याकडं मुंबईपेक्षा चांगलं चालतं. पण त्याच खोलीत गवताचा कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम अर्धा होतो, हे मला वहीवरूनच कळलं. शेवटी चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घेतलाच, पाव एचपीचा. तो सुद्धा आधी टँकच्या खालच्या कपाटात ठेवला होता, तिथं स्वतःचीच गरम हवा ओढून ओढून तो दिवसभर चालू राहायचा आणि पाणी काही उतरेना, मग भिंतीला भोक पाडून त्याची गरम हवा बाहेर काढली तेव्हा २६ वर आला.

पंख्यामुळं पाणी उडतं, माझ्याकडं मेमध्ये रोज एक बादली उडायची. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओच्या पाण्याची. बरेच जण इथं चुकतात, खारं पाणी कमी झालं म्हणून खारंच ओततात आणि दोन आठवड्यात खारटपणा पार वर जातो. काचेवर टेप लावून रेघ मारा, रोज त्या रेघेपर्यंत भरा.

लाइटचं पण याच उन्हाळ्यात ठरवा. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, आणि एअरपंप ठेवा, चिलर टाकला तर बॅटरी लवकर बसेल. शिवाय सेलवर चालणारा एअरपंप घरात पाहिजे, सेल वेगळे डब्यात. फ्रीजरमध्ये दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, लाइट लांबली की एक-एक बाटली बंद झाकणासकट संपमध्ये सोडायची. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून सहा तास बघा काय होतं ते. टँकमध्ये मासा नसताना बघितलेलं बरं.

आणि हिवाळा विसरू नका. आपल्याकडं जानेवारीत रात्री दहाच्या खाली पारा जातो, तेव्हा ३०० वॅटचा हीटर लागतो. तो संपमध्ये ठेवा, टँकमध्ये नाही, ट्रिगर वायर कुरतडतो.

उन्हाळा निभला, वही बघून तुमची खात्री झाली, की दिवाळीनंतर मासा आणा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, माल कमी आणि थकलेला येतो. मी मुंबईहून आणतो, रात्रीची गाडी, थर्माकोलच्या बॉक्समध्ये, सातआठ तासात घरी. दुकानात त्याला खाताना बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पोट आत गेलेलं, पाठ वरून सुरीसारखी दिसत असलेली, असा मासा कितीही स्वस्त असला तरी सोडा. तीन-साडेतीन इंचाचा घ्या, अगदी बोटभर नको.

घरी आल्यावर पिशवी बंद ठेवूनच वीस मिनिटं पाण्यावर तरंगवा, नुसतं तापमान जुळायला. मग उघडली की फार रेंगाळायचं नाही. प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, उघडल्यावर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी घालून मासा हलवा, पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका. आणि हे सगळं आधी वेगळ्या साध्या टँकमध्ये करा, तीन-चार आठवडे त्याला तिथंच ठेवा, त्यात एक पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तिथंच तांब्याचं औषध देता येतं, मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही, दगडात बसून राहतं.

मासा हलवताना जाळं वापरू नका, हे लिहून ठेवा. ट्रिगर नाव ज्यामुळं पडलं तो पाठीवरचा पहिला काटा जाड आणि खरखरीत असतो, घाबरला की तो उभा करतो, आणि मागचा छोटा दुसरा काटा त्याच्या बुडाशी खिळीसारखा अडकतो. मग कितीही जोर लावा, पहिला काटा खाली जात नाही, दुसरा दाबला तरच सुटतो. समुद्रात मासा भेगेत शिरून काटा उभा केला की मोठा शिकारी सुद्धा त्याला ओढून काढू शकत नाही. पण जाळ्यात तोच काटा गुंततो, आपण ओढतो, तो अजून ताठ होतो, आणि पडदा फाटतो. मी तीन लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरतो, पाण्यात आडवा धरून हळूहळू कोपऱ्यात न्यायचं, मासा स्वतःच आत वळतो, मग पाण्यासकट उचलायचा. दगडात शिरून अडकला तर ओढायचं नाही, दिवे बंद करून निघून जायचं, तासाभरात येतो बाहेर.

खायला रोज दोनदा थोडं थोडं. दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून कडक खाणं लागतंच, सालासकट कोळंबी, शिंपले फोडून, मधून मधून माकूळ आणि समुद्री शेवाळाची पट्टी. आठवडी बाजारातलं सुकट, खारवलेले बोंबील नको, त्यात मीठ आणि माती दोन्ही. हतनूर धरणाकडचे ताजे झिंगे कधीतरी चालतात, रोज नको. चिकन, मटण, उकडलेलं अंडं अजिबात नाही. आणि हातानं भरवू नका, चिमट्यानं द्या, तो तुम्हाला ओळखायला लागतो, काचेजवळ येतो, लाडात येतो, पण कोळंबी आणि बोट यातला फरक करायच्या आधी दात बसतात, आणि ते दात कवचं फोडणारे आहेत.

सोबतीला काय ठेवायचं? माझं मत, एकटाच ठेवा. झिंगे, खेकडे, गोगलगायी म्हणजे त्याचं जेवण आहे, दोन ट्रिगर एका टँकमध्ये म्हणजे रोजची मारामारी. त्या एकट्याला बघायलाच संध्याकाळ कमी पडते. पोहतो तो शेपटीनं नाही, पाठीचा आणि शेपटीजवळचा खालचा पर लाटेसारखा हलवत, म्हणून जागच्या जागी मागं पण सरकतो. घाबरला की आवाज करतो, छातीचे पर कल्ल्यामागच्या कडक खवल्यांवर घासून, काचेच्या बाहेर ऐकू येतो तो. आणि रात्री दिवे बंद झाल्यावर गुहेत आडवा पडून झोपतो, एका कुशीवर, अगदी मेल्यासारखा. पहिल्या रात्री मी टॉर्च मारून बघितलं आणि माझा जीवच गेला होता, तुम्ही टॉर्च मारू नका.

आठवड्याला १० टक्के पाणी बदला, नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका, स्किमरचा कप दोन दिवसांनी धुवा. लग्नसराईत गावाला जायचं असेल तर शेजारच्याला सगळं खाद्य देऊन जाऊ नका, प्रेमानं जास्त टाकतात. मी कोळंबी-शिंपल्याच्या एका वेळच्या छोट्या पुड्या करून, वर वार लिहून, फ्रीजरमध्ये ठेवतो, आरओचं पाणी कॅनमध्ये भरून टँकशेजारी, आणि काचेवरची टेप दाखवून सांगतो, इथपर्यंत भरायचं, आणि चारला वहीत तापमान लिहून मला फोटो पाठवायचा.